माईंच्या हातचा काटेरी हलवा



पौष लागला की आमच्या साताऱ्यात पहाटेची अशी थंडी पडते, की नळाखाली हात धरवत नाही. बाकी सगळ्याजणी या थंडीला नावे ठेवतात. आमच्या सासूबाई मात्र तिची वाट बघायच्या. आम्ही सगळे त्यांना माई म्हणत असू. मार्गशीर्ष सरत आला की त्या माळ्यावरची कल्हईची परात खाली काढायला लावायच्या, धुऊन पुसून उन्हात ठेवायच्या, आणि मग रोज पहाटे उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. "आज नाही. अजून गारठा बसला नाही," असे म्हणून परत आडव्या व्हायच्या. एखाद्या दिवशी मात्र काही न बोलता थेट स्वयंपाकघरात जायच्या. त्या दिवशी हलवा सुरू झाला असे आम्ही समजायचे.

हलवा म्हणजे दुधी किंवा गाजराचा नव्हे बरं का. संक्रांतीचा काटेरी हलवा. तिळाच्या एवढ्याशा दाण्यावर साखरेच्या पाकाची पुटे चढवत चढवत त्याला चहूबाजूंनी काटा आणायचा. हल्ली तो पुडीतून विकत मिळतो. यंत्रावर केलेला असतो, दिसायलाही बरा असतो, आणि कामाच्या घाईत मीही तो आणलेला आहे. पण माईंना ते पटायचे नाही. घराण्यातल्या प्रत्येक सुनेच्या आणि लेकीच्या पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने त्यांच्या हातचे असायचे, आणि प्रत्येक बाळाच्या बोरन्हाणाचा मुकुटही त्यांच्याच हातचा. माझे लग्न 2012 च्या डिसेंबरात झाले. पुढच्याच महिन्यात, संक्रांतीला, काळी चंद्रकळा नेसून आणि माईंनी केलेले मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा घालून मी पाटावर बसले होते. तो फोटो अजून आहे. दागिने काही राहिले नाहीत; हळदीकुंकू आटोपल्यावर घरातल्या पोरांनी माझा कंबरपट्टा कडाकडा चावून संपवला.

दुसऱ्या वर्षी मी उत्साहाने माईंच्या शेजारी जाऊन बसले आणि परातीत हात घालणार, तोच त्या म्हणाल्या, "नको गं. तुझा हात उष्ण आहे. काटा यायचा नाही."

झाले! त्यानंतर माईंच्या बारा संक्रांती मी या घरात पाहिल्या, पण परातीला माझा हात लागला नाही. चहा करून द्यायचा, गॅस बारीक-मोठा करायचा, दाराची फट बंद करायची, एवढेच माझे काम. खरे सांगते, मला ते लागायचे. दुपारच्या शाळेत चाळीस मुलांना मराठीचे व्याकरण शिकवणारी मी, घरात मात्र चार तीळ हलवायला नालायक ठरले होते. मी कधी बोलून दाखवले नाही, आणि त्यांनीही कधी विचारले नाही.

2024 च्या श्रावणात माई गेल्या. सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. दोन दिवस ताप काय आला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे त्या उठल्याच नाहीत.

वर्षाच्या आत सण करायचे नाहीत, ही आमच्याकडची रीत. गणपती, दसरा, दिवाळी सगळे नुसते कॅलेंडरवर येऊन गेले. आकाशकंदील नाही की फराळ नाही. मुलांना शेजारच्या काकूंनी चकली-लाडू दिले, ते त्यांनी त्यांच्याच घरी बसून खाल्ले. संक्रांतही तशीच जाणार होती. पण एक अडचण होती. आमच्या थोरल्या वन्संच्या मुलीचे लग्न त्याच वर्षी माघात झाले होते. पोर पुण्याला दिलेली. लग्नाच्या मांडवात, सगळ्यांच्या देखत माई म्हणाल्या होत्या, "हिचे हलव्याचे दागिने आजोळचे. मी करणार." 2025 ची संक्रांत तिची पहिली, आणि दागिने करणारीच नाही.

डिसेंबरात वन्संचा कऱ्हाडहून फोन आला. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुळशीबागेत तयार सेट मिळतात गं. सुंदर असतात. आईनं कबूल केलं होतं खरं, पण आता ..." आणि पुढे त्यांना बोलवेना. माझ्या तोंडून निघून गेले, "मी करते."

फोन ठेवल्यावर हे माझ्याकडे बघतच राहिले. "तुला येतो?" मी म्हटले, "बारा वर्षं चहा करून देताना बघितलाय."

घरात यावरून चांगलीच कुजबुज झाली. आमच्या चुलत सासूबाई जुन्या वळणाच्या, त्यांनी तर स्पष्टच सांगितले, "वर्ष सरलं नाही अजून, आणि चुलीवर साखरेचा पाक चढवणार? लोक काय म्हणतील?" त्यांचेही चूक म्हणता येत नव्हते. नवी नवरी आता दुसऱ्या घरची, तिला आमचे काही पाळायचे नव्हते. पण आमच्या घरात पाळायचेच होते. शेवटी अण्णा, म्हणजे आमचे सासरे, वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "तिनं शब्द दिला होता. सण करू नका, काम करा. आपल्या घरात कुणी दाणा तोंडात टाकायचा नाही, एवढं पाळा म्हणजे झालं." एवढे बोलून त्यांनी पुन्हा वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरले.

म्हणजे हलवा करायचा, पण चव घ्यायची नाही! असो.

आता कृती सांगते. माझ्या चुकांसकट सांगते, कारण पुस्तकात कृती असते, चुका नसतात.

पांढरे तीळ निवडून, चाळून घ्यावेत. ओलसर फडक्याने पुसून वाळवावेत आणि कढईत नुसते गरम करावेत. तांबूस होऊ देऊ नयेत. तीळ फार घेऊ नका. पाव वाटी पुष्कळ झाले. पाव वाटीला बघता बघता अर्धा-पाऊण किलो साखर लागते आणि शेवटी परात भरून हलवा होतो. पहिल्या दिवशी मी हौसेने वाटीभर तीळ घेतले, तिथेच माझे निम्मे गणित चुकले. पाकासाठी दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी घ्यावे. उकळी आली की दोन चमचे दूध घालावे, म्हणजे मळी वर येते. ती काढून पाक मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यावा. पाक एकतारीच्या अलीकडचा, जरा सैलसरच हवा. तो गरम राहावा म्हणून पाकाचे भांडे गरम पाण्यात बसवून ठेवावे. काहीजणी मळीसाठी लिंबू पिळतात. दोन थेंब असले तर चालेल, पण जास्त नको. लिंबाच्या आंबटपणाने साखर लवकर दाणा धरत नाही, आणि आपल्याला तर दाणाच धरायला हवा आहे.

पूर्वी शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख पसरून वर परात ठेवत. गॅसवर करायचे तर आच अगदी बारीक ठेवून खाली जाड लोखंडी तवा ठेवावा आणि त्यावर परात. परात किती तापू द्यायची? तळहात टेकवला तर चटका बसावा, पण हात लगेच उचलावा लागू नये. परातीत तीळ पसरायचे, त्यावर चहाचा एकच चमचा पाक टाकायचा आणि बोटांच्या टोकांनी भराभर फिरवायचे. तीळ सुटे आणि कोरडे झाले की दुसरा चमचा. ते वाळले की तिसरा. पंखा बंद, दारे-खिडक्या लावलेल्या. पहिल्या दिवशी काटा शोधू नका. पहिल्या दिवशी तीळ फक्त पांढरे होतात. दुसऱ्या दिवशी ते गोल होऊन अंगावर खरखर येते. काटा तिसऱ्या दिवशी. रोज तास-दीड तास, पहाटेचा. मधल्या वेळात झाकून ठेवायचे, पण डबा घट्ट लावायचा नाही.

कागदावर हे किती सोपे वाटते!

माझा पहिला घाणा चिक्की झाला. एका चमच्याने काय होणार म्हणून मी पळीभर पाक ओतला. तिळांचा जो गोळा झाला, तो शेवटी खलबत्त्याने फोडावा लागला. दुसऱ्या घाण्याला आच मोठी ठेवली, म्हणजे लवकर वाळेल. वाळला, पण तिळावर नाही. परातीतच पाकाचा कोरडा भुगा झाला आणि तीळ त्यात आंघोळ करून जसेच्या तसे बाहेर आले. (हा भुगा टाकू नका. चाळून घेऊन पाण्यात विरघळवला की पुन्हा पाक होतो.) तिसऱ्या खेपेला सगळे जमले असे वाटले, दोन दिवस दाणे छान वाढले, पण तिसऱ्या दिवशी पाहते तो गुळगुळीत, बडीशेपेच्या गोळ्यांसारखे. एकाही दाण्याला काटा नाही.

मी परातीपुढे बसून रडले. काट्यासाठी रडले असे मात्र म्हणता येणार नाही. "तुझा हात उष्ण आहे" हे वाक्य बारा वर्षे मी मनातल्या मनात खोडून काढत आले होते, आणि आता ते खरेच आहे असे वाटू लागले होते. ज्यांना विचारावे त्या नाहीत, ज्यांच्याशी भांडावे त्याही नाहीत.

त्याच दिवशी दुपारी चुलत सासूबाई आल्या. सहज आल्याचे सांगत थेट स्वयंपाकघरात शिरल्या आणि परातीत डोकावल्या. "घासतेस कशाला? भांडी आहेत का ती?" म्हणाल्या. "दाणे बोटांखाली चिरडायचे नाहीत. ढकलायचे. काटा धरायला लागला की हात हलका ठेवायचा. आणि पंखा?" मी म्हटले, "बंद होता." "मग वेळ कुठली?" मी सांगितले, सकाळी मुलांचे डबे झाल्यावर, साडेनऊला. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "साडेनऊला ऊन येतं घरात! पहाटे बस. खालून आच आणि वरून गारठा, म्हणजे काटा उभा राहतो. मी काही हात लावणार नाही हो, मला नियम आहेत. पण बसेन बाजूला."

आणि खरेच, दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता, अंगावर शाल लपेटून, त्या आमच्या स्वयंपाकघरात पाट घेऊन बसल्या होत्या. सलग तीन दिवस बसल्या. परातीला बोटही लावले नाही, पण बोलणे एक क्षण थांबवले नाही. "पाक कमी. अजून कमी. थांब, वाळू दे. आता. हात उचल."

यामागे काय घडते ते मी नंतर सातवीच्या मुलांना वर्गात सांगितले, तेव्हा माझे मलाच नीट कळले. साध्या तपमानाच्या शंभर ग्रॅम पाण्यात सुमारे दोनशे ग्रॅम साखर विरघळते; उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त. गरम पाकातले पाणी उडून गेले आणि पाक गार झाला की जास्तीची साखर पाण्यात राहू शकत नाही, ती स्फटिक होऊन बाहेर पडते. दाण्यावर जिथे आधीच जरासा उंचवटा असतो, तिथे पुढचा थेंब आधी लागतो आणि आधी वाळतो. उंचवटा आणखी उंच होतो. त्याचा काटा. थेंबाऐवजी धार घातली तर आधीचा काटाच विरघळतो, आणि घासले तर मोडतो. जपानात कोंपेइतो नावाची अशीच काटेरी खडीसाखर करतात. सोळाव्या शतकात ती पोर्तुगीजांबरोबर तिकडे गेली. 1569 साली एका पोर्तुगीज धर्मगुरूने ओदा नोबुनागा या सरदाराला ती भेट दिल्याची नोंद आहे. तिथे तिरप्या फिरत्या कढईत थोडा थोडा पाक घालत ती पंधरा-पंधरा दिवस करतात म्हणे. तीन पहाटांनी मी कुरकुरत होते, तेव्हा हे माहीत असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या पहाटेची एक गोष्ट सांगायची राहिली. चाळणी शोधताना मला माईंच्या कपाटात, लुगड्यांच्या मागे, एक पत्र्याचा डबा सापडला. आत मलमलच्या पुरचुंडीत अर्धवट हलवा होता. पांढरा, खरखरीत, अजून काटा न आलेला. दुसऱ्या दिवशीचा म्हणतात तसा. आदल्या संक्रांतीला माईंनी एक घाणा घेतला होता आणि "बोटं दुखतात, उद्या बघू" म्हणून बाजूला ठेवला होता, ते मला आठवले. तो उद्या काही आला नव्हता. डब्यात ओल नव्हती, मुंगी नव्हती. त्यातले काही दाणे तिळासारखे नव्हते, जरा लांबट होते. भोपळ्याची बी असावी असे आम्हाला वाटले. हलवा काही फक्त तिळावरच होत नाही. खसखस, साबुदाणा, शेंगदाणे, वेलदोड्याचे दाणे, भोपळ्याच्या बिया, सगळ्यांवर करतात. चुलत सासूबाईंनी ती पुरचुंडी हातात घेऊन पाहिली. नियम विसरल्या बहुतेक. मग मला म्हणाल्या, "घाल परातीत. अर्धवट कशाला ठेवायचं?"

माझे दाणे आणि माईंचे दाणे एकाच परातीत फिरू लागले.

तिसऱ्या पहाटे, सहाच्या सुमाराला, काटा आला. प्रथम मला ते दिसले नाही, बोटांना कळले. गोल दाणा बोटाखाली घरंगळतो. काट्याचा दाणा घरंगळत नाही, तो अडतो, टोचतो. मी हात वर उचलला. चुलत सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवून पाहिले आणि काही बोलल्या नाहीत. तीन दिवसांत पहिल्यांदाच गप्प बसल्या.

तोवर माझ्या उजव्या हाताच्या तिन्ही बोटांची टोके भाजून लाल झाली होती. ती नळाखाली धरताना मला एकदम रेशनचे दुकान आठवले. तिथे अंगठा लावायचे यंत्र आले, तेव्हापासून माईंचा अंगठा काही त्यावर उमटायचा नाही. अंगठा पुसला, तेल लावून पाहिले, सगळी बोटे लावून झाली, तरी यंत्र नाहीच म्हणायचे. दुकानदार कंटाळायचा, मागची रांग कंटाळायची आणि मी मनातून वैतागायची. म्हातारपणी बोटांच्या रेघा झिजतात, तसे असेल म्हणून मी सोडून दिले होते. पन्नास-पंचावन्न संक्रांतींच्या परातीचा मला कधी विचारच शिवला नव्हता.

शेजारच्या काकूंना मी हे सांगितले, तर त्या म्हणाल्या, "अगं, मला म्हणायची ती. आमची मास्तरीण आहे, दिवसभर खडू-पेन धरायचं असतं, तिची बोटं कशाला भाजायची!" आता हे माई खरेच म्हणाल्या होत्या, की काकूंनी माझ्या समाधानासाठी सांगितले, कोण जाणे. काकू तशा गोड बोलणाऱ्या आहेत. आणि हात उष्ण असल्याचे कारण माईंनी इतक्या ठासून सांगितलेले होते, की त्यांचा त्यावर विश्वासही असेल. मी दोन्ही गोष्टी मनात ठेवल्या आहेत.

दागिने करायला सहा रात्री लागल्या. हलव्याच्या दाण्याला सुईने भोक पाडायला जाऊ नका, तो फुटतो. शिलाईचा मजबूत दोरा दुपदरी घ्यावा, दोन पदरांमध्ये एक दाणा धरावा, गाठ मारावी, मग पुढचा दाणा. काट्यामुळे दाणा गाठीत पक्का बसतो. माझ्या गुळगुळीत घाण्यातले दाणे या कामी अगदीच निरुपयोगी, ते सटासट निसटत होते. एका मंगळसूत्रालाच दोनशेच्या वर दाणे लागले. कंबरपट्टा आणि बाजूबंद यांना खाली जाड पुठ्ठा कापून त्यावर सोनेरी कागद लावावा आणि हलव्याच्या माळा वर शिवाव्यात. चिकटवू नयेत, दमटपणाने सुटतात. मधूनमधून सोनेरी मणी घातले तर काळ्या साडीवर उठून दिसतात. रंगीत दाणे हवे असतील तर शेवटच्या दोन-तीन चमचे पाकात खाण्याच्या रंगाचा थेंब टाकावा. आधीपासून रंग घातला तर हलवा भडक दिसतो. तयार दागिने हवाबंद डब्यात ठेवावेत. त्याच डब्यात ओलसर काही ठेवू नये.

हे रात्री शेजारी बसून दोऱ्याची टोके कापून देत होते. धाकट्या मुलीने तीनदा विचारले, "आई, एकच दाणा?" मी तीनदा नाही म्हटले. पण तिच्या फ्रॉकच्या खिशात नंतर काटेरी भुगा सापडला. मी अण्णांना सांगितले नाही.

वन्सं कऱ्हाडहून पुण्याला जाताना वाटेत थांबून डबा घेऊन गेल्या. झाकण उघडून त्यांनी मंगळसूत्र हातावर घेतले, काट्यावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "आईच्यापेक्षा जरा बारीक आलाय." हो, बारीकच आला होता. मला ते बोलणे मुळीच लागले नाही. खोटे कौतुक केले असते तर लागले असते. हळदीकुंकू 26 जानेवारीला, रविवारी झाले. आम्ही अर्थातच गेलो नाही. फोटो आला. भाचीचा कंबरपट्टा एका बाजूने जरा उतरला आहे, पुठ्ठा थोडा अरुंद कापला गेला होता. पुढच्या वेळी चार बोटे रुंद घ्यायचा.

दागिने करून उरलेला हलवा मी काचेच्या बरणीत भरून माईंच्या कपाटात ठेवून दिला. ऑगस्टमध्ये वर्षश्राद्ध झाले, जेवणे उरकली, पाहुणे गेले. संध्याकाळी मी बरणी काढली. मुलांना दिला, ह्यांना दिला, चुलत सासूबाईंना दिला. अण्णांच्या तळहातावर चार दाणे ठेवले. त्यांना साखर जपायची असते, म्हणून चारच. त्यांनी ते चष्म्याजवळ धरून निरखले, त्यातला एक लांबट दाणा निवडून तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिले. मग एकदम दाताखाली काहीतरी फुटल्याचा आवाज आला.

"लवंग," अण्णा म्हणाले.

मला काही कळेना. ते म्हणाले, "थंडीत मला खोकला असतो. दर वर्षी चार-आठ दाणे लवंगेवर करायची ती. पोरांना तिखट लागतात म्हणून वेगळे काढून ठेवायची." आणि बरणी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "असले लांबट किती आहेत बघ गं त्यात."

आम्ही सगळ्यांनी मिळून बरणी ताटात ओतली आणि शोधले. अकरा निघाले. ते मी एका छोट्या डबीत अण्णांच्या उशाशी ठेवले. अण्णा खोकला आला की एक घेतात, आणि मला वाटते कधीकधी खोकला न येताही घेतात, कारण डबीत आता तीनच उरले आहेत.

यंदाच्या हलव्यासाठी मी लवंगा आणून ठेवल्या आहेत. बोंड न तुटलेल्या, सारख्या आकाराच्या वेचून घेतल्या. लवंगेवर पाक तिळाइतका लवकर धरत नाही, असे चुलत सासूबाई म्हणतात. पहिली दोन-तीन पुटे जरा दाट पाकाची द्यावी लागतात. तुमच्यापैकी कुणी लवंगेवर हलवा केला असेल तर मला जरूर कळवा. रोज पहाटे उठून खिडकीशी जाऊन बघते आहे. अजून गारठा बसलेला नाही.